पाचवी मूठ

सिंधुबाईचं डोकं त्या वर्षी फिरलं ते सव्वा मूठ गव्हांवरून. तुम्ही म्हणाल, ब्राह्मणपुरीत उखा पाटलाच्या घरी गव्हाच्या कोठ्या भरलेल्या, तिथे सव्वा मुठीचं एवढं काय? तर ऐका. मुळापासून सांगितल्याशिवाय तिचा राग तुम्हाला कळायचा नाही, आणि राग कळला नाही तर गोष्ट सांगण्यात काही अर्थ नाही.

आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसते. नागपंचमी झाली की पहिल्या रविवारी. नारळाला नथ घालायची, लुगडं नेसवायचं, चौरंगावर मांडायची, गाणी म्हणायची आणि सोमवारी डोक्यावरून नदीवर न्यायची. पण खरं महत्त्व रोटांना. घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा-सव्वा मुठी गहू घ्यायचे, एकेकाचं नाव घेऊन. तेवढेच दळायचे आणि तेवढ्याचेच जाडजूड रोट करायचे. ते त्या कुळाच्या माणसांनीच खायचे. परक्याला चतकोरसुद्धा द्यायचा नाही. उरला तर जमिनीत पुरायचा, पण उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. बायकांच्या नावाची मूठ नसते. त्या दळतात, थापतात, वाढतात, शेवटी उरलंसुरलं खातात, पण मोजात धरल्या जात नाहीत. सिंधूला हे लग्न होऊन आली त्याच वर्षी खटकलं होतं. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, मराठी चौथी पास झालेली, आणि खटकलेलं गिळायचं असतं हे आईने तिला सांगून पाठवलं होतं.

तिने नऊ वर्षं गिळलं. नऊ वर्षांत मूल झालं नाही, मग तर बोलायची सोयच उरली नाही. सासू, उखा पाटलाची बायको नर्मदाबाई, तोंडाची मोठी तिखट. म्हैस आटली तरी सिंधूकडे बघायची. गावात कुणाचं बारसं असलं की म्हणायची, "तू नको येऊ वं माय, लोक नावं ठेवतस." देवळात नेलं, भगताकडे नेलं, मोलगीकडच्या डोंगरातला पाला उकळून पाजला. कशाचा उपयोग झाला नाही. आणि आता दिवाळीनंतर तिच्या नवऱ्याचं, पितांबरचं, दुसरं लग्न ठरलं होतं. मुलगी लोणखेड्याची, सतरा वर्षांची. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. नर्मदाबाईने सिंधूला हे सांगितलं ते भाकरी थापता थापता, तिच्याकडे न बघता. "तुले वाटी तर आठे ऱ्हाय, वाटी तर मायना घर जाय. आम्हना वंश बुडी ऱ्हायना, तुले काय त्यानं?"

वंश. हा एक शब्द नर्मदाबाईच्या तोंडात सुपारीसारखा सतत असायचा.

आणि पितांबर? माणूस वाईट नव्हता हो. त्याने सिंधूवर कधी हात उगारला नाही. पण त्याने तिच्यासाठी कधी तोंडही उघडलं नाही. "लोणखेडानं तुमले पटस का?" असं तिने विचारलं तर बैलाच्या गळ्यातली घंटा पुसत म्हणाला, "माय सांगस तसं." अठ्ठावीस वर्षांचा बाप्या, आणि माय सांगस तसं! सिंधूला ती घंटा त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली.

तर, मूठ. गहू मोजायचं काम नर्मदाबाईचं, आणि ते ती दरवर्षी आतल्या खोलीत दार लोटून एकटीने करायची. देवीचं काम आहे, सोवळ्यात लागतं, म्हणून कुणी काही विचारायचं नाही. पण त्या साली तिच्या उजव्या अंगठ्याला नखुर्डं झालं. अंगठा वांग्यासारखा सुजलेला, मूठ वळेना. देवीच्या कामाला डावा हात चालत नाही. तिची जाऊ, म्हणजे उखा पाटलाच्या धाकट्या भावाची, भिलाची बायको बेबीबाई, त्या दिवशी शिवायची नव्हती. राहिली कोण? सिंधू. नाइलाजाने गुरुवारी सकाळी नर्मदाबाईने तिला न्हायला लावलं आणि खोलीत नेलं.

"मी सांगसू तशी मूठ भर. बोलानं नही."

सिंधूने कोठीतून गहू काढले, सुपात घेतले, समोर नवी टोपली ठेवली.

"घरधनीनी," नर्मदाबाई म्हणाली. नवऱ्याचं नाव ती घेणार नाहीच. सव्वा मूठ टोपलीत पडली.

"भिलानी." दुसरी पडली.

"सुकरामनी. नथूनी." हे भिलाचे दोन मुलगे. चार झाल्या.

सिंधूने पाचवी मूठ भरली. ही तिच्या नवऱ्याची, सासूच्या एकुलत्या एका मुलाची. सासू नाव कधी घेते म्हणून ती थांबली.

"पुरं," नर्मदाबाई म्हणाली.

"आत्याबाई, त्यास्नी ऱ्हायनी ना."

नर्मदाबाईने तिच्या हातावर फटका मारला. दुखऱ्या हातानेच मारला, आणि स्वतःच कळवळली. मुठीतले गहू जमिनीवर सांडले. "सांगं ना पुरं! त्यानी मी सकायलेच लिधी."

खोटं होतं ते. कोठीचं तोंड शेणाने लिंपलेलं होतं, आणि ते सिंधूनेच आत्ता फोडलं होतं. टोपली कोरी होती. पण सिंधू गप्प बसली, कारण तिला सासूचा चेहरा दिसला. सासू रागावलेली नव्हती. ती घाबरली होती. नऊ वर्षांत सिंधूने तिला घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी ती गल्लीपलीकडे छोटीबाईकडे गेली.

उमेदमल शेठचं किराणा दुकान पाटलाच्या घरासमोरच होतं, आणि छोटीबाई ही शेठची विधवा काकी. दुकानाच्या मागच्या पडवीत बसून पुड्या बांधायचे कागद करायचे, हे तिचं रोजचं काम. नंदुरबारहून रद्दीची पोती यायची. त्यात जुनी वर्तमानपत्रं, शाळेच्या वह्या आणि कधीमधी कादंबऱ्या असायच्या, पुठ्ठा उडालेल्या, पुढची-मागची पानं गेलेल्या. छोटीबाईला मराठी वाचता येत नव्हतं. पण ती पोतं उपसून चित्रं बघायची आणि ज्या पुस्तकात बायकांची चित्रं जास्त ते सिंधूसाठी बाजूला ठेवायची. "ही वाच. हिच्यामा बाया गैऱ्या शेतस." मग सिंधू वाचायची. एक पान वाचून झालं की फाडून छोटीबाईकडे द्यायची आणि छोटीबाई त्याला खळ लावून पुडा करायची. वाचलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी हळद-जिरं घेऊन गावभर जायची. नऊ वर्षांत दोघींनी अशा वीस-बावीस कादंबऱ्या संपवल्या. कुठल्याशा वकिलाच्या बायकोसाठी दोघी मिळून रडल्या. कुणा दुष्ट सासूला दोघींनी मिळून शिव्या दिल्या. घरी सिंधूचं कुणी नव्हतं, पण पडवीत होतं. माहेरची आठवण तिला पूर्वी यायची, नंतर छोटीबाईमुळे येईनाशी झाली.

गंमत बघा, नर्मदाबाई सगळ्याला आडकाठी करायची, पण ह्या जाण्याला तिने कधी केली नाही. स्वतः मात्र त्या पडवीत कधी पाऊल टाकलं नाही, आणि छोटीबाईही कधी पाटलाच्या दारात आली नाही. गल्ली सात-आठ पावलांची. सिंधूला याचं नवल वाटायचं, पण मोठ्यांची जुनी भांडणं असतात, म्हणून तिने विचारलं नव्हतं.

त्या दिवशी सिंधूने पुस्तक उघडलंच नाही. सगळं सांगून टाकलं. मूठ, फटका, खोटं. "काकी, माय स्वताना आंडोरले वगळी ऱ्हायनी! काय करणी-बिरणी तर नही? मी आते ऐकणार नही. रविवारले सर्वा भाऊबंद जेवाले बठतीन ना, तवय सर्वास्ना देखता विचारसू. माले वांझोटी म्हनतीस, मंग तुमना आंडोरनी मूठ काबरं नही ते सांगा!"

छोटीबाईच्या हातातला खळीचा बोळा खाली पडला.

"नको विचारू."

"काबरं?"

"मन्ही आन शे तुले."

"तुमनी आन? तुमना काय संबंध?"

छोटीबाई उठली. दुकानाकडचं दार तिने लोटलं, कडी घातली आणि परत येऊन बसली. पदर डोक्यावर ओढून घेतला, जणू कुणी वडीलधारं समोर आहे. आणि तिने सांगितलं.

ती सोळाव्या वर्षी विधवा झाली. अठराव्या वर्षी तिला दिवस गेले. कुणापासून? घराच्या कर्त्या पुरुषापासून, थोरल्या दिरापासून, उमेदमलच्या बापापासून. जेठमल नाव त्याचं. तिची मर्जी कुणी विचारली नव्हती. दाराला आतून कडी नव्हती, एवढंच ती म्हणाली. त्याच वर्षी समोरच्या घरात नर्मदाबाई आठ वर्षं लग्न होऊन रिकामी होती, आणि उखा पाटलासाठी दुसरी मुलगी बघणं चाललं होतं. दोघी तेव्हा एकमेकींच्या जिवाच्या मैत्रिणी. एकीला मूल नको होतं, दुसरीला मुलाशिवाय घर राहणार नव्हतं. नर्मदाबाईने पोटाला फडकी बांधली आणि मामाच्या घरी खांडबाऱ्याला बाळंतपणाला गेली. छोटीबाईची सासू कंकुबाई तिला यात्रेला नेते म्हणून गाडीत बसवून निघाली, आणि दोघी खांडबारा स्टेशनावर उतरल्या. मामाच्या शेतातल्या घरात दगूबाई सुईणीने मूल काढलं. कंकुबाई गेली, दगूबाई गेली, मामा-मामी गेले. आता हे जाणणाऱ्या दोघीच उरल्या.

"नर्मदीनं आन घाली व्हती माले," छोटीबाई म्हणाली. "पोऱ्याले हात लावानं नही. मन्हा दारमा येवानं नही. मन्हासंगे बोलानं नही. लोकस्ले संशव येई. अठ्ठावीस वरीस व्हयनात."

आणि कानबाई? देवीला कसं फसवणार! माणसांना फसवता येतं. परक्या कुळाच्या पोराच्या नावाने मूठ घेतली तर कानबाई घर खाऊन टाकील, ह्या भीतीने नर्मदाबाईने त्याची मूठ कधी घेतलीच नाही. आता सिंधूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दर रोटाच्या दिवशी पितांबरचं ताट नर्मदाबाई स्वतः वाढायची. बायकोलासुद्धा हात लावू द्यायची नाही. बेबीबाई म्हणायची, जिजीना लाड देखा! कसले लाड? वेगळ्या पिठाचा वेगळा रोट वाढत होती ती त्याला.

सिंधूने खाली पडलेला खळीचा बोळा उचलून बाजूला ठेवला.

"म्हंजे मन्ही सासू," ती सावकाश म्हणाली, "मन्ही सासू स्वता वांझ."

छोटीबाईने मान खाली घातली.

"आनि तुमले मालूम व्हतं. नऊ वरीस मी आठे येईसन रडनू. तिनं माले डाम दिन्हा, तो मी तुमले दखाडा. बारसाले जाऊ दिन्हं नही ते सांगं. तुम्ही मन्हा डोया पुसात. आनि तोंडमाईन एक शबद काढा नही!"

"काढती तर काय व्हतं वं? पितांबरना जलम जाता. उमेद माले विहिरमा ढकलता."

"माले सांगता! फकत माले! मी पागल नही व्हतू!"

आणि मग तिला दुसरं आठवलं, आणि ते पहिल्याहून वाईट होतं. ती आली की छोटीबाई रोज काय विचारायची? आज काय रांधलं? त्याने किती भाकरी खाल्ल्या? खोकला राहिला का? ताप उतरला का? सिंधूला वाटायचं, आईच्या मायेने आपला संसार विचारते आहे. आपल्यासाठी! कसलं आपल्यासाठी? तिला तिच्या पोराची खबर हवी होती. सिंधू ही फक्त गल्ली ओलांडून खबर आणणारी. एवढ्या कादंबऱ्या मोठ्याने वाचल्या, त्यातलं किती तिने ऐकलं होतं देव जाणे.

"एक खरं सांगा," सिंधू म्हणाली. "ती लोणखेडानी. तुमलेबी पाहिजे व्हती ना?"

छोटीबाई खोटं बोलू शकली असती. सिंधूची तीच इच्छा होती, की तिने खोटं बोलावं.

"नातू देखाना व्हता माले," छोटीबाई म्हणाली. "एकदाव."

सिंधू उठली. अर्धं वाचून झालेलं पुस्तक तिने छोटीबाईसमोर टाकलं. "ले. फाडी टाका सर्वं. आते कोनी वाचणार नही." दाराची कडी काढली आणि दुकानातूनच बाहेर पडली. दुकानात गादीच्या वर भिंतीला जेठमल शेठचा फोटो होता, जाड भिंगाचा चष्मा लावलेला, ताज्या फुलांचा हार घातलेला. तो हार रोज सकाळी छोटीबाई गुंफते हे सिंधूला माहीत होतं. ती तिथे उभी राहिली. सगळ्या जगावरचा राग होता, पण त्या फोटोसमोर तो आणखी वाढला. उमेदमल शेठ "काय पाहिजे बहिन?" म्हणाला. ती तशीच पायरी उतरली. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं याचा भरवसा नव्हता.

दोन दिवस ती भूत झाल्यासारखी वावरली. नर्मदाबाई "वंश" म्हणाली की तिच्या कानशिलात ठणका लागायचा. कोणाचा वंश? सांगा ना मला, कोणाचा? उखा पाटलाचं रक्त पितांबरच्या अंगात एक थेंब नाही. हिला स्वतःला सवत येणार होती तेव्हा हिने आकाशपाताळ एक केलं, पोटाला फडकी बांधली, सगळ्या गावाला फसवलं आणि स्वतःची जागा राखली. राख ना बाई, कोण नको म्हणतंय! पण तोच काटा उचलून दुसरीच्या पायात रुतवायचा? आणि वर डोळे वटारायचे?

शनिवारी जात्यावर रोटाचे गहू दळायला सिंधूच बसली. टोपलीत चार माणसांचे गहू होते. तिने इकडेतिकडे पाहिलं नाही. उठली, कोठीतून सव्वा मूठ गहू आणले आणि टोपलीत टाकले. मूठ घ्यायची तर नाव घ्यावं लागतं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर नऊ वर्षांत तिने ते नाव कधी उच्चारलं नव्हतं.

"पितांबर," ती मोठ्याने म्हणाली, आणि जात्याचा खुंटा धरला.

एक गोष्ट तिने दळता दळता ठरवली. छोटीबाईचं नाव चारचौघांत मेलं तरी तोंडातून काढायचं नाही. राग होता, भयंकर होता. पण उमेदमल त्या बाईला खरंच विहिरीत ढकलील हेही तिला ठाऊक होतं. फक्त हे नर्मदाबाईला कळू द्यायचं नव्हतं, नाही तर ती घाबरली नसती.

रविवारी दुपारी भाऊबंद जमले. ओसरीवर पाट मांडले, उखा पाटील, भिला, सुकराम, नथू, पितांबर आणि चुलत घरांतले सात-आठ जण. कानबाई नथ घालून चौरंगावर बसलेली. खीर, गंगाफळाची भाजी आणि रोटांचा ढीग. स्वयंपाकघरात चुलीमागे एका टोपल्याखाली एकच रोट झाकून ठेवलेला सिंधूला सकाळीच सापडला होता. तो तिने म्हशीला घातला.

नर्मदाबाई पितांबरचं ताट घ्यायला आत आली. टोपलं उचललं. खाली काही नव्हतं.

"आठे रोट व्हता."

"म्हैसनं खादा," सिंधू म्हणाली. हातात तिच्या पितांबरचं ताट होतं, आणि त्यात ढिगातले दोन रोट वाढलेले होते.

नर्मदाबाईचा चेहरा पांढरा पडला. तिने ताट ओढलं, सिंधूने सोडलं नाही.

"ठेव ते. पागल, ठेव! कानबाई खाई टाकी आपले!"

"खाऊ द्या. मी काल पाचवी मूठ टाकी दिन्ही. नाव लिसन. आते त्यानाच रोट शे हाऊ."

नर्मदाबाईला समजलं. सिंधूच्या नजरेतच सगळं होतं. तिने बाहेर बघितलं, बेबीबाई अंगणात होती. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "छोटीनं सांगं."

"कोनी सांगं त्याले महत्त्व नही. ऐका आते. लोणखेडाले नही म्हणीसन निरोप धाडाना. आत्ते, बाहेर जाईसन, सर्वास्ना समोर. नही तर मी बाहेर जास, आनि भिलाकाकास्ले सांगस, दर सालना रोटस्न्या मुठी मोजा. पाच मानसं, चार मुठी. जमीन कोनी शे, घर कोनं शे, ते त्यास्ले बराबर समजी."

"छोटी मरी जाई त्यामा!"

"तुमले तिनी इतली काळजी?" सिंधूही दबक्या आवाजातच म्हणाली. "अठ्ठावीस वरीस तिले दारमा उभी करी नही तुम्ही. तिनं तुमले पोऱ्या दिन्हा, घर दिन्हं, आनि तुम्ही तिले आन दिन्ही! तुमनावरबी सवत येणार व्हती. तुमले मालूम शे, छातीमा काय व्हस ते. तरी माले सवत?"

नर्मदाबाई भिंतीला टेकली. क्षणभर ती म्हातारी दिसली, आणि तरीही तिच्या तोंडाला धार होतीच. "मन्हाकडे छोटी व्हती," ती म्हणाली. "तुन्हाकडे कोन शे?"

सिंधूच्या तोंडातून जे निघालं ते तिने ठरवलेलं नव्हतं.

"मन्हाकडेबी छोटीच शे."

आणि ताट घेऊन ती बाहेर गेली.

तिने ताट पितांबरसमोर ठेवलं. नर्मदाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. पदर तोंडात धरलेला, डोळे मुलाच्या हातावर. पितांबरने रोट मोडला, खिरीत बुडवला आणि खाल्ला. नर्मदाबाईने डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. कानबाईची नथसुद्धा हलली नाही. पितांबरने दुसरा घास घेतला आणि म्हणाला, "माय, आवंदाना रोट येगळाच लागी ऱ्हायना वं. भारी शे."

सिंधू सासूकडे बघत उभी राहिली. तिने भिलाकडे एक पाऊल टाकलं.

"ऐका," नर्मदाबाई ओरडलीच. सगळे थांबले. "लोणखेडाना लोकस्ले नही सांगी द्या."

उखा पाटलाचा घास हातात राहिला. "काबरं? बोलणं व्हई गयं ना?"

नर्मदाबाईने कानबाईकडे पाहिलं, मग सिंधूकडे. "कानबाईनं सांगं माले. सपनमा उनी व्हती. ह्या घरमा एकच व्हऊ ऱ्हाई, दुसरी उनी तर घर खाई टाकसू, असं सांगं."

पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. भिलाने हात जोडले. उखा पाटील म्हणाला, "देवीच सांगस तर मंग काय इलाज?" आणि पुन्हा जेवायला लागला. झालं! एवढंच! नऊ वर्षं एक जिवंत बाई त्याच घरात पाणी भरत, शेण काढत, मार खात होती, तिच्या रडण्याने कुणाचा घास अडला नव्हता. आणि नारळाने म्हणे स्वप्नात एक वाक्य सांगितलं, तर सगळे गप्प! सिंधूला हसावं की ताटं उधळावीत हे कळेना. तिने खिरीचं भांडं उचललं आणि वाढायला लागली. पितांबर म्हणाला, "आखो एक रोट दे." तो मजेत जेवत होता. त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं, आणि आयुष्यभर कळणार नव्हतं.

बायकांची पंगत बसली तेव्हा सिंधू जेवली नाही. पोट दुखतं म्हणाली. तिला तो रोट घशाखाली उतरला नसता.

सोमवारी वाजतगाजत कानबाई नदीवर गेली. बायका परतल्या तशी सिंधू गल्लीत थांबली. घरी जायला पाय उचलेना, पडवीत जायलाही उचलेना. शेवटी ती पडवीत गेली, पण नेहमीच्या जागी बसली नाही. समोरच्या भिंतीशी, लांब बसली.

छोटीबाई पुड्या करत होती. तिच्याजवळ ते पुस्तक तसंच होतं, एक पानही फाडलेलं नव्हतं. सिंधू टाकून गेली होती त्या पानात तिने दोऱ्याचा तुकडा घालून ठेवला होता.

"लोणखेडानं मोडं," सिंधू म्हणाली. "आत्याबाईनं स्वता मोडं. तुमनं नाव कोठे निघं नही. निघणार बी नही. पन मी तुमले माफ करेल नही, काकी. हाई ध्यानमा ठेवा."

छोटीबाईने मान हलवली.

सिंधू वाट बघत होती. आता ती विचारणार. कालचा रोट त्याने खाल्ला का, किती खाल्ले, काय म्हणाला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या नावाची मूठ त्याच्या पोटात गेली होती, त्या बाईला ते ऐकायचं असणार. सिंधूने उत्तर तयार ठेवलं होतं, आणि ते कडू होतं.

छोटीबाईने तिच्या सुकलेल्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"तू जेवनी का वं?" तिने विचारलं. "काल दिनभर तू काय खादं?"

सिंधूने तयार ठेवलेलं उत्तर कुठे गेलं कुणास ठाऊक. "काहीच नही," ती म्हणाली, आणि नऊ वर्षांत सासरच्या माणसांसमोर कधी रडली नव्हती तशी, तोंड न झाकता, चिडून, हुंदके देत रडायला लागली. छोटीबाई उठली, आतून भाकरी आणि लोणचं घेऊन आली, आणि ताट तिच्यासमोर ठेवून तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसली.

सिंधूने भाकरी मोडली. अर्धी खाल्ल्यावर डाव्या हाताने नाक पुसलं आणि म्हणाली, "ते पुस्तक इकडे द्या."